पाण्याने दिलेली उभारी : जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांचे जीवन आणि त्यातून घ्यावयाचा धडा

वर्गात इतिहास शिकवीत असताना मी अधूनमधून विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाबाहेरचा एखादा प्रश्न विचारतो. त्यांपैकी एक प्रश्न असा : ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिक यांपैकी कोणत्याही स्पर्धेत भारतासाठी पहिले वैयक्तिक सुवर्णपदक कोणी मिळविले? चार-दोन हात लगेच वर होतात आणि उत्तर येते, अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. नेमबाजीतील ते सुवर्णपदक ऑलिंपिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय, हे खरेच आहे. तथापि माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. त्याच्या ३६ वर्षे आधी, ऑगस्ट १९७२ मध्ये, पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्यातील एका मराठी सैनिकाने ५० मीटर फ्रीस्टाईल जलतरणात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक मिळविले होते. त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्याने त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले होते.

अलीकडे, २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आल्यापासून थोडे हात अधिक वर होतात. परंतु चित्रपट पाहणे वेगळे आणि एखाद्या जीवनाचा अभ्यास करणे वेगळे. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हा अभ्यास ठेवावा, असे वाटले. तो का वाटला, याचे एक खाजगी कारणही आहे. ते लेखाच्या शेवटी सांगेन.

इस्लामपूर ते सिकंदराबाद

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरात झाला. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील हा भाग तालमींचा आणि कुस्त्यांचा. पलीकडे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले होते. त्या वेळी मुरलीकांत सात-आठ वर्षांचे होते. अशा मुलुखातील मुलाला अंगमेहनतीची आणि खेळाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच होते.

पोरवयातच ते सैन्याच्या ‘बॉईज’ तुकडीत दाखल झाले. पुढे ते विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात, म्हणजे ज्याला आपण ‘ई.एम.ई.’ म्हणतो त्या दलात ‘क्राफ्ट्समन’ झाले. क्राफ्ट्समन हे शिपायाच्या दर्जाचे पद. सैन्याच्या गाड्या, शस्त्रे आणि यंत्रे दुरुस्त करणे हे या दलाचे काम. त्यांचे केंद्र होते सिकंदराबादला. आपल्या पिंगळीवरून पूर्णा-नांदेडकडे जाणारा लोहमार्ग पुढे जिथे पोहोचतो, तेच हे सिकंदराबाद. येथे मुरलीकांत मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. १९६४ साली टोकियो येथे झालेल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही ते मुष्टियुद्धात उतरले. वय अवघे वीस. पाय चपळ, मनगटे मजबूत आणि पुढे सारे आयुष्य पडलेले. मुष्टियुद्धात ठोसा हाताने मारला जातो, परंतु त्याचे बळ पायातून येते, हे जाणकारांना ठाऊक आहे. पुढे जे घडले त्याचे गांभीर्य समजण्यासाठी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९६५ : एका आयुष्याचा शेवट

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात मुरलीकांत पेटकर यांच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. मणक्यातील गोळी काढता आली नाही. कमरेखालचा भाग निकामी झाला.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून शरीराकडे आज्ञा नेणारा आणि शरीराकडून मेंदूकडे संवेदना आणणारा मार्ग. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. मज्जारज्जू मात्र एकदा तुटला की पुन्हा सांधत नाही. ज्या पातळीवर इजा होते त्याखालच्या स्नायूंना आज्ञाच पोहोचत नाही. पाय असतात, परंतु ते आपले ऐकत नाहीत. वीस-एकवीस वर्षांच्या मुष्टियोद्ध्यासाठी याचा अर्थ काय होता, याची कल्पना प्रत्येकाने स्वतःच करावी. सैनिक म्हणून त्यांची कारकीर्द संपली आणि मुष्टियोद्धा म्हणून तर ती त्याच क्षणी संपली होती.

मुंबईत कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. येथेच त्यांना उपचाराचा भाग म्हणून पोहण्याचा सल्ला देण्यात आला. पदक, विक्रम, स्पर्धा हे शब्द त्या वेळी कोणाच्या मनातही नसावेत. सांधे आखडू नयेत, दंडात व छातीत ताकद राहावी, रुग्णाचे मन खचू नये, एवढाच हेतू. परंतु इतिहासात पुष्कळदा असे घडते की, एखादे दार साध्या हेतूने उघडले जाते आणि त्यातून आत गेलेला माणूस फार दूरवर पोहोचतो.

पाणीच का?

हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांनाही विचारावा. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर पाणी वरच्या दिशेने जोर लावते. जितके पाणी बाजूला सारले जाते, तितक्याच वजनाइतका हा जोर असतो. आर्किमिडीजचे तत्त्व म्हणून आपण सातवी-आठवीपासून हे पाठ करतो. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे गळ्याइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला आपले वजन सुमारे एक-दशांशच जाणवते. जमिनीवर जे पाय साठ-सत्तर किलोचा भार पेलू शकत नाहीत, त्यांना पाण्यात तो पेलावाच लागत नाही. शरीराला आधार देण्याचे काम पाणी करते आणि पुढे नेण्याचे काम हात करू शकतात.

याचा अर्थ हे पोहणे सोपे असते, असा मात्र नव्हे. सुदृढ जलतरणपटू पाय मारून शरीर पाण्यावर आडवे ठेवतो. पाय निकामी असतील तर ते खाली ओढले जातात आणि पाणी अडवतात. हा सारा अडथळा केवळ दंड, खांदे आणि पाठ यांच्या जोरावर तोडावा लागतो. ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत तोडले, याचा हिशेब केला तर वेग सेकंदाला सुमारे १.३४ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ४.८ किलोमीटर येतो. आपण रस्त्याने झपझप चालतो तो साधारण एवढाच वेग. ज्या माणसाला जमिनीवर चालणे अशक्य झाले होते, तो पाण्यातून निरोगी माणसाच्या चालीने गेला. हे गणित मी फळ्यावर मांडतो तेव्हा वर्ग काही क्षण शांत होतो.

स्पर्धेचा जन्म कसा झाला

पेटकर यांच्या कर्तृत्वाला जे मैदान मिळाले ते कोणी तयार केले, हेही पाहिले पाहिजे. डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतील नामांकित मज्जासंस्थातज्ज्ञ होते. ते जन्माने ज्यू. नाझी राजवट येताच केवळ जन्मामुळे त्यांना आपल्या रुग्णालयातील पद सोडावे लागले आणि १९३९ साली कुटुंबासह इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. १९४४ साली त्यांच्याकडे इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेविल येथील मज्जारज्जूच्या जखमांवरील उपचारकेंद्राची जबाबदारी आली.

त्या काळी अशा रुग्णांविषयी वैद्यकशास्त्राचीही आशा संपलेली असे. अंथरुणावर पडून पाठीला जखमा व्हायच्या, मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायचा आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावत. गुटमन यांनी रुग्णांना कुशीवर वळवण्यापासून ते खेळायला लावण्यापर्यंत सारा दृष्टिकोनच बदलला. खेळ ही करमणूक नसून उपचार आहे आणि उपचाराहूनही अधिक म्हणजे समाजात परत येण्याचा मार्ग आहे, अशी त्यांची भूमिका होती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी माजी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली. तिचाच विस्तार होत १९६० साली रोम येथे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा भरली.

जन्मावरून बहिष्कृत केलेल्या माणसाने शरीरावरून बहिष्कृत केलेल्यांसाठी मैदान खुले केले, ही बाब आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. ज्याने स्वतः दार बंद होताना पाहिलेले असते, त्याला दुसऱ्यासाठी दार उघडण्याचे महत्त्व अधिक कळते.

तेल अवीव, एडिनबर्ग, हायडेलबर्ग

१९६८ साली इस्राएलमधील तेल अवीव येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये भारताने प्रथमच भाग घेतला. त्या संघात मुरलीकांत पेटकर होते. तेथे ते टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी पार केली. पदक मिळाले नाही. पण जगातील आपल्यासारखी माणसे काय करू शकतात, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

१९७० साली स्कॉटलंडमधील एडिनबर्ग येथे राष्ट्रकुल देशांतील मज्जारज्जूबाधित खेळाडूंची स्पर्धा झाली. तेथे पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तीन पदके मिळविली. अशा दौऱ्यांचा खर्च त्या काळी मोठी अडचण असे. माजी कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी आपल्या संस्थेमार्फत अपंग खेळाडूंना साहाय्य केले. पेटकरांनाही त्यांचा आधार मिळाला.

त्यानंतर आले १९७२. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिक येथे होते. पॅरालिंपिकही त्याच शहरात व्हावयाचे. परंतु तेथील क्रीडाग्रामातील घरे खाजगी निवासासाठी देण्याचे ठरलेले असल्याने दिव्यांग खेळाडूंसाठी जागा मिळाली नाही आणि स्पर्धा हायडेलबर्गला हलवावी लागली. सुमारे १,००० खेळाडू आणि ४० हून अधिक देश तेथे जमले. पेटकर भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत या तिन्ही प्रकारांत अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले.

त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकमध्ये अमेरिकेच्या मार्क स्पिट्झ यांची जलतरणातील विजययात्रा सुरू झाली. सात सुवर्णपदके आणि सातही वेळा जागतिक विक्रम. स्पिट्झ यांचे छायाचित्र जगभर पोहोचले. पेटकर यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या देशातही फारसे पोहोचले नाही.

पदकानंतरची शांतता

येथून पुढचा कालखंड विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. कारण यशाच्या गोष्टी पदकापाशी संपतात, जीवन मात्र तेथे संपत नाही. पेटकर यांनी पुण्यात ‘टेल्को’ कंपनीत नोकरी केली, संसार केला, मुलांना वाढविले. देशासाठी जागतिक विक्रम करणारा माणूस कामगारांच्या गर्दीत एक कामगार म्हणून जगत राहिला. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. पुरस्कार मिळाला नाही.

२००४ साली अथेन्स येथे देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे दुसरे सुवर्ण. पहिल्या आणि दुसऱ्या सुवर्णामध्ये ३२ वर्षे गेली. २०१८ साली पेटकर यांना पद्मश्री देण्यात आली. हायडेलबर्गनंतर ४६ वर्षांनी. आणि १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, प्रदान करण्यात आला. त्या वेळी त्यांचे वय ८० होते. सन्मान मिळाला याचा आनंद आहेच. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने हेही विचारले पाहिजे की, सन्मान ५२ वर्षे उशिरा पोहोचतो तेव्हा त्या मधल्या काळात किती मुलामुलींना ‘असेही होऊ शकते’ हे कळलेच नाही? विलंबाचे नुकसान एकट्या पेटकरांचे झाले नाही. १९७२ साली शाळेत असलेल्या प्रत्येक दिव्यांग मुलाचे ते झाले. त्याला त्याचा नायक कोणी दाखविलाच नाही.

पाणी आणि हक्क

आपल्या समाजाला पाण्याचा इतिहास शिकवावा लागत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले. पण ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंच्या साक्षीने चवदार तळ्यावर जावे लागले आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय येण्यास १९३७ साल उजाडले. ते पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नव्हतो, तर इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करावयाचे होते, ही बाबासाहेबांची भूमिका आपण जाणतोच. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही, असे नमूद झाले. ‘स्नानघाट’ हा शब्द तेथे उगाच आलेला नाही.

हे केवळ भारतातच घडले असे नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना पोहण्याच्या तलावांपासून दीर्घकाळ दूर ठेवण्यात आले. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय कार्यकर्ते एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा तेथील व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. २०१६ साली रिओ येथे सिमोन मॅन्युएल यांनी १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये सुवर्णपदक मिळविले, तेव्हा जलतरणातील वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळविणारी ती पहिली आफ्रिकी-अमेरिकन महिला ठरली. लोक विचारत असत, कृष्णवर्णीयांत जलतरणपटू का होत नाहीत? ज्यांना पाण्यातच उतरू दिले नाही, त्यांच्यातून जलतरणपटू कसे होणार? गुण नसतो असे नाही. गुण दिसण्याची जागा नाकारलेली असते.

पेटकर यांच्या जीवनाचा मला उमगलेला धडा हाच आहे. त्यांची जिद्द असामान्य होती, यात शंका नाही. तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गातील ‘सम्यक व्यायाम’ म्हणजे योग्य प्रयत्न. तो त्यांनी आयुष्यभर केला. परंतु नुसती जिद्द पुरेशी नव्हती. रुग्णालयात कोणीतरी ‘पाण्यात उतरा’ म्हटले. कोणीतरी प्रवासखर्च उभा केला. कोणीतरी दूर देशी अशा खेळाडूंसाठी स्पर्धा निर्माण केली होती. प्रयत्न व्यक्तीने करावयाचा असतो. पाण्याची वाट मात्र समाजाने मोकळी ठेवावयाची असते. या दोन्हींपैकी एक जरी कमी पडले, तरी पदक सोडाच, माणूसही उभा राहत नाही.

माझ्या हातून घडलेली एक चूक

आता आरंभी सांगितलेले खाजगी कारण. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दुसऱ्या एका गावी शिकवीत होतो. माझ्या वर्गात पोलिओने एक पाय वाळलेला मुलगा होता. अभ्यासात बरा, बोलण्यात मोजका. कवायतीच्या तासाला मी त्याला लिंबाखाली बसवीत असे आणि इतरांच्या चपला सांभाळायला सांगत असे. त्यात मला दयाच वाटत होती.

एकदा आम्ही सहल घेऊन गंगाखेडला गोदाकाठी गेलो. घाटाजवळच्या उथळ पाण्यात मुले उतरली. मी त्या मुलाला नेहमीप्रमाणे कपड्यांजवळ बसायला सांगितले. तो म्हणाला, “सर, मला पोहता येतं. बापानं शिकवलंय, विहिरीत, पाठीला डबा बांधून. पाण्यात पायाचं काम पडत नाही.” मी म्हणालो, “उगीच धाडस नको. बैस खाली.” तो बसला. सारी मुले पाण्यात होती आणि तो कपड्यांच्या ढिगाशेजारी पाण्याकडे पाहत बसला होता. मला त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. उलट आपण जबाबदारीने वागलो, असेच वाटले.

२०१८ साली पद्मश्रीच्या बातमीत पेटकर यांची हकीगत वाचली आणि ते वाक्य पुन्हा कानात आले : पाण्यात पायाचं काम पडत नाही. नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाला जे कळले होते, ते एम.ए. झालेल्या मला कळले नव्हते. महाडचा सत्याग्रह मी दरवर्षी शिकवीत होतो. कोणी कोणाला पाण्यापासून दूर ठेवू नये, असे फळ्यावर लिहीत होतो. आणि मीच एका मुलाला काठावर बसवून ठेवले होते. वैराने नव्हे, दयेने. पण काठावर बसणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? त्याला पोहता येते की नाही हे मी पाहू शकलो असतो. कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या शेजारी उभा राहू शकलो असतो. तेवढेही केले नाही. तो आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. हा लेख त्याच्यापर्यंत पोहोचला, तर त्याने आपल्या शिक्षकाला क्षमा करावी.

आपण काय करावे

त्यानंतर काळ पुढे गेला आहे. करमाळा तालुक्यातील सुयश जाधव यांनी बालपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले, तरी ते रिओ आणि टोकियो या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये पोहले आणि २०२० साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. कांचनमाला पांडे या दृष्टिहीन जलतरणपटूने २०१७ साली मेक्सिको येथे जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. कायदाही पुढे आला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा आहेत आणि कलम ३० नुसार खेळांत सहभाग मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पालकांनी हे लक्षात ठेवावे. आपल्या मुलाचे प्रमाणपत्र काढण्यात संकोच करू नये. ते भिकेचे पत्र नसून हक्काचे पत्र आहे.

दुसरी गोष्ट सर्वच मुलांविषयी. आपला जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांचा. तरीही उन्हाळ्यात घागरीमागे धावणारा. पाणी कमी असले तरी विहिरी, शेततळी, कालवे घराजवळ आहेत आणि न पोहता येणारी मुले त्यांत बुडतात. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते. म्हणून पोहणे ही श्रीमंतांच्या क्लबातील चैन नसून जीव वाचविणारे शिक्षण आहे. पूर्वी पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून वडीलधारी माणसे ते विहिरीत शिकवीत. ती परंपरा मुलांसाठी तरी होती. मुलींसाठी तीही नव्हती. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, दोर आणि तरंगणारे साधन जवळ ठेवून, मुलगे आणि मुली दोघांनाही पोहायला शिकवावे, असे मी पालकांना कळकळीने सांगेन. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे सैन्यात, पोलिसांत वा क्रीडाक्षेत्रात आहेत, त्यांनी सुट्टीतील आठ दिवस या कामाला दिले तर शाळेवर मोठे ऋण होईल.

तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांसाठी. मैदानाच्या कडेला बसविलेले मूल दिसले, तर ते तेथे का बसले आहे, हे आधी विचारावे. त्याला बसायचे आहे की आपण बसविले आहे? आणि ते म्हणाले की, ‘सर, मला येतं’, तर एकदा त्याच्यावर विश्वास ठेवावा, त्याच्याबरोबर पाण्यात उतरावे आणि खरोखरच येते का ते पाहावे.

मुरलीकांत पेटकर यांच्या मणक्यात युद्धाची खूण राहिली आणि कपाटात सुवर्णपदक राहिले. या दोहोंच्या मध्ये होते एका रुग्णालयातील पाणी आणि त्यात उतरण्याची मिळालेली परवानगी. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला अशी परवानगी मागावी लागू नये, ती त्यांच्या हक्काची असावी, हीच या प्रसंगी सदिच्छा.

जयभीम. नमो बुद्धाय.